मुंबईचे सात मलजल प्रकल्प : आराखड्यात आपली माणसे कुठे आहेत?

आमच्या भागातल्या विहारात दर रविवारी वंदना झाल्यावर तरुणांचा अभ्यासगट बसतो. स्पर्धा परीक्षा देणारी, नर्सिंग शिकणारी, दिवसभर मोटारसायकलवर पार्सल पोहोचवणारी अशी वीस-बावीस मुले-मुली असतात. महिन्यातून एकदा वर्तमानपत्रातली एखादी बातमी घेऊन तिच्यावर बोलायचे, असा आमचा पायंडा आहे. मागच्या वेळी मी मुंबई महापालिकेच्या नव्या मलजल प्रक्रिया प्रकल्पांची बातमी ठेवली. एक मुलगा लगेच म्हणाला, "ताई, आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी हे सगळं सोडून आता गटारावर चर्चा करायची का?"

मी काही बोलण्याआधी मागे बसलेले एक काका बोलले. ते मलनिःसारणाच्या कामातून निवृत्त झालेले आहेत. "माझ्या पोरांच्या फिया त्या गटारातूनच आल्या रे. तू चर्चा नाही केलीस म्हणून गटार काही आपल्याला सोडत नाही."

हा लेख त्या दिवशी सुरू झालेल्या चर्चेतून आला आहे. प्रकल्पाला विरोध करण्यासाठी तो लिहिलेला नाही. मुंबईला हे प्रकल्प हवेच आहेत, आणि ते कधीच व्हायला हवे होते. माझा प्रश्न वेगळा आहे. एवढा मोठा आराखडा आखताना पाइप किती, टाक्या किती, पंप किती याचा चोख हिशेब होतो. पण त्या पाइपाच्या दोन टोकांना उभी असलेली माणसे या हिशेबात येतात का? एका टोकाला, जिथे मलनिःसारण वाहिनी पोहोचलेलीच नाही, त्या वस्तीतले कुटुंब आहे. दुसऱ्या टोकाला, वाहिनी तुंबली की आत उतरणारा कामगार आहे. ही दोन्ही माणसे बहुतेक वेळा आपली असतात.

प्रकल्प काय आहे?

१९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतील सात मलजल प्रक्रिया प्रकल्पांचे भूमिपूजन झाले. त्या वेळी सांगितलेला खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये होता. पुढच्या देखभालीचा खर्च धरला तर हा आकडा २५ हजार कोटींच्याही पुढे जातो. वरळी, बांद्रा, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा ही ती सात ठिकाणे. वरळीची क्षमता दिवसाला ५०० दशलक्ष लिटर, मालाडची ४५४, धारावीची ४१८, बांद्र्याची ३६०, घाटकोपरची ३३७, भांडुपची २१५ आणि वर्सोव्याची १८०. बेरीज होते २,४६४ दशलक्ष लिटर. कुलाब्याचा ३७ दशलक्ष लिटरचा लहान प्रकल्प याआधीच, २०२० मध्ये सुरू झाला आहे. हे सात प्रकल्प २०२६ ते २०२८ या काळात टप्प्याटप्प्याने पूर्ण करायचे, असे वेळापत्रक ठरले होते.

आजवर काय चालत होते, तेही समजून घेऊ. वरळी आणि बांद्रा या दोन मोठ्या केंद्रांवर मैलापाण्यातला कचरा, वाळू, खडी गाळली जाते आणि बाकीचे पाणी समुद्राच्या तळाखालून तीन-साडेतीन किलोमीटर आत नेऊन सोडले जाते. बाकीचे काम समुद्राने करायचे. नव्या प्रकल्पांत जिवाणूंच्या मदतीने मैलापाण्यातली घाण कुजवून पाणी बऱ्यापैकी स्वच्छ केले जाईल आणि त्यातला काही भाग आणखी शुद्ध करून पुन्हा वापरता येईल. हे राज्याला नवे नाही. नागपूरच्या भांडेवाडीत प्रक्रिया केलेले मैलापाणी कोराडी-खापरखेडा येथील औष्णिक वीज केंद्रांना दिले जाते. तेवढे धरणाचे पाणी वाचते आणि महापालिकेला त्याचा मोबदलाही मिळतो. खाडी, समुद्र, मिठी नदी आणि त्यावर जगणारे कोळी बांधव या सगळ्यांसाठी हा बदल चांगलाच आहे.

म्हणजे प्रक्रिया केंद्रापासून समुद्रापर्यंतचा भाग सुधारतो आहे. आता केंद्राच्या अलीकडचा भाग पाहू.

पहिले टोक : वाहिनी जिथे पोहोचत नाही

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यातले सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. वस्तीतल्या बहुतेक घरांत शौचालय नसते. लोक सामुदायिक शौचालयात जातात. नव्वदच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने मुंबईत मलनिःसारण प्रकल्प राबवला गेला, तेव्हा वस्ती स्वच्छता कार्यक्रमही सुरू झाला. त्यातून अनेक सामुदायिक शौचालये बांधली गेली आणि ती चालवण्याचे काम वस्तीतल्या संस्थांकडे आले. पण वस्तीत मुख्य वाहिनी जवळ नसल्याने कितीतरी शौचालयांच्या खाली मैलाटाकीच बांधावी लागली. ती भरली की टँकर बोलवा. टँकर गल्लीत शिरत नाही, मग पाइप लांबवा. तोही पोहोचला नाही, तर माणूस उतरवा.

या टाक्यांची अवस्था किती वाईट असू शकते हे मुंबईने पाहिले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये मानखुर्दमध्ये सामुदायिक शौचालयाची जमीन खचली आणि खालच्या मैलाटाकीत पडून तीन जणांचा जीव गेला. एप्रिल २०१८ मध्ये भांडुपला असेच घडले आणि दोघांचा मृत्यू झाला. त्याच भांडुपमध्ये आता २१५ दशलक्ष लिटरचा आधुनिक प्रकल्प उभा राहतो आहे. प्रकल्प झाल्यावर भांडुपच्या डोंगराळ भागातल्या वस्त्यांचा मैला त्या प्रकल्पात जाणार की तसाच टाकीत साठत राहणार? भूमिपूजनाच्या कोनशिलेवर क्षमता कोरलेली असते, या प्रश्नाचे उत्तर कोरलेले नसते.

मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या शौचालयाची टाकी गेल्या पावसाळ्यात तुंबली. वस्तीतल्या बायका आणि मी अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात तीन वेळा गेलो. एकदा सांगितले, हे काम दुसऱ्या विभागाचे. दुसऱ्यांदा सांगितले, शौचालय संस्थेला चालवायला दिले आहे, तेव्हा संस्थेने पाहावे. तिसऱ्यांदा साहेब बैठकीला गेले होते. शेवटी घरटी शंभर रुपये गोळा करून खासगी टँकर आणला. टँकरवाल्याबरोबर दोन मुले आली होती, हातमोजे नव्हते, पायात चप्पल. आम्ही त्यांना आत उतरू दिले नाही म्हणून टँकरवाला चिडला. "मग अर्धीच साफ होईल," म्हणाला. तशीच अर्धी साफ झाली. दोन महिन्यांनी पुन्हा वर्गणी काढावी लागली.

हे सांगण्याचे कारण एवढेच की, शहराचा मलजल प्रकल्प हा घराच्या संडासापासून सुरू होतो. त्याची सुरुवात प्रक्रिया केंद्राच्या फाटकापाशी मानली, तर निम्मे शहर प्रकल्पाच्या बाहेरच राहते. आणि त्या निम्म्या शहराचा मैला कुठे ना कुठे वाहतोच. तो नाल्यातून, पर्जन्यजल वाहिनीतून प्रक्रिया न होता मिठीत आणि खाडीत जातो. म्हणजे वस्त्या जोडल्या नाहीत तर खाडी स्वच्छ करण्याचा मूळ हेतूही अर्धवट राहतो. हा मुद्दा केवळ दयेचा किंवा कल्याणाचा नाही. अभियांत्रिकीच्या हिशेबानेही वस्ती जोडणे गरजेचे आहे.

दुसरे टोक : आत उतरणारा माणूस

मुंबईत मलनिःसारण आणि पर्जन्यजल अशा दोन्ही वाहिन्यांवर मिळून सुमारे एक लाख मॅनहोल आहेत. हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. तो कोरड्या शौचालयांपुरता होता. २०१३ च्या नव्या कायद्याने गटार आणि मैलाटाकीची धोकादायक सफाईही बेकायदा ठरवली. कलम ७ प्रमाणे कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी अशा कामाला माणूस लावू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा कडक दिसतो.

पण त्यात एक फट आहे आणि ती प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावी. कायद्याच्या व्याख्येत 'धोकादायक सफाई' म्हणजे संरक्षक साधनांशिवाय करून घेतलेली सफाई. साधने दिली की व्याख्या बदलते. त्याच वर्षीच्या नियमांत साधनांसह माणसाला कधी उतरवता येईल याची यादी आहे. तिच्यात एक बाब आहे : ३०० मिलिमीटरपेक्षा मोठ्या व्यासाची नवी वाहिनी जुन्या वाहिनीला जोडताना. शोषणविहिरीच्या तळाशी बसवलेले पंप काढताना, ही दुसरी. मॅनहोलची पुनर्बांधणी किंवा वाहिनीची दुरुस्ती करताना, ही तिसरी.

आता या तीन बाबी सात प्रकल्पांच्या शेजारी ठेवून वाचा. सात नवी केंद्रे म्हणजे नव्या वाहिन्या जुन्या वाहिन्यांना जोडणे आले. नवे पंप बसवणे, जुने काढणे आले. मॅनहोल तोडून पुन्हा बांधणे आले. म्हणजे ज्या ज्या प्रसंगी कायदा माणसाला आत जाऊ देतो, ते सगळे प्रसंग अशा बांधकामात येतात. जोडणी सुरू झाली की धोका कमी होण्याआधी वाढतो. आराखड्यात या वाढलेल्या धोक्याची नोंद हवी. जोडणीच्या दिवशी वायू मोजणारे यंत्र कोणाच्या हातात असेल? वाहिनी आधी पूर्ण रिकामी केली जाईल का? उतरणाऱ्याच्या अंगावर दोर असेल का? लेखी परवानगी कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने निघेल? हे प्रश्न बांधकामाच्या निविदेत सुटले पाहिजेत. अपघातानंतरच्या चौकशीत विचारून उपयोग नाही.

न्यायालयांनी आपल्या बाजूने बरेच काही दिले आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख झाली आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान २० लाख. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने मैला आणि गटारसफाई बंद करण्याचा आदेश दिला.

मुंबईतल्या बायकांनीही यात इतिहास घडवला. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीच्या मैलाटाकीत तीन कामगार गेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश दिला. सरकारने आधी द्यावे, नंतर जबाबदार माणसाकडून वसूल करावे. टाकी खासगी होती, म्हणून आमचा संबंध नाही, ही पळवाट तिथे बंद झाली.

ही माणसे कोण असतात, याचा अंदाज आपल्याला होताच. सरकारी आकड्यांनी आता तो पक्का केला. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेखाली गटार आणि मैलाटाकी साफ करणाऱ्या कामगारांची नोंद केली गेली. २०२४ मध्ये पुढे आलेल्या माहितीनुसार २९ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे ३८ हजार कामगारांपैकी जवळपास ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग धरले तर हे प्रमाण ९२ टक्क्यांच्या घरात जाते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'व्यवसाय आणि जात यांचे नाते सैल होत आहे' असे शिकवले गेले होते. मॅनहोलच्या झाकणाखाली ते अजून सैल झालेले नाही.

"आपण तर हे काम सोडलं ना?"

अभ्यासगटात यावर एका मुलीने स्पष्ट प्रश्न विचारला आणि तो लपवण्यासारखा नाही. ती म्हणाली, "ताई, धम्म घेतला तेव्हा आपल्या आजोबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, गावकीची कामं सोडली. आता गटारकामगारांचा प्रश्न आपण का उचलायचा? पुन्हा तीच ओळख चिकटेल."

तिची भीती खरी आहे. पण मुंबईच्या सफाई खात्यात आजही बौद्ध आहेत, रुखी आहेत, मेघवाळ आहेत, वाल्मिकी आहेत, तमिळ दलित आहेत. बाबासाहेबांनी १९३०च्या दशकात मुंबई महापालिकेच्या कामगारांची संघटना उभारली ती याच माणसांसाठी. सफाईचे काम पवित्र आहे, सेवा आहे, असे गोड बोलून माणसाला त्याच कामात अडकवून ठेवण्याला त्यांचा विरोध होता. काम सोडता येण्याचा मार्ग आणि ते करत असेपर्यंत चांगला पगार, रजा, घर, मान, या दोन्ही गोष्टींसाठी ते एकाच वेळी भांडत होते. आपल्यालाही दोन्हीसाठी एकाच वेळी भांडता आले पाहिजे.

आणि इथे या सात प्रकल्पांचा तिसरा, फारसा कोणी न बोललेला भाग येतो : नोकऱ्या. हे प्रकल्प बांधणाऱ्या कंत्राटदारांनीच ते पुढे १५ वर्षे चालवायचे आहेत. त्यात प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारे तंत्रज्ञ लागतील, पंप आणि झडपा सांभाळणारे ऑपरेटर लागतील, संगणकाच्या पडद्यावर सगळी यंत्रणा पाहणारे लागतील, विजेचे आणि यांत्रिकीचे आयटीआय झालेले लागतील. आणि गाळ उपसणारे, जाळ्या साफ करणारेही लागतील. पहिल्या यादीत कोण आणि दुसऱ्या यादीत कोण, हे कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडले तर उत्तर आपल्याला आजच ठाऊक आहे.

लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. त्या नोकरीने हजारो कुटुंबे तगली, त्यामुळे तो हक्क सोडा असे मी म्हणणार नाही. पण वारस बी.एस्सी. झाला तरी त्याला झाडूच का मिळावा? नव्या केंद्रातली तंत्रज्ञाची जागा त्याला का मिळू नये? कंत्राटाच्या अटींत 'सफाई कामगारांच्या मुलांना प्रशिक्षण आणि तांत्रिक पदांवर प्राधान्य' अशी एक ओळ घालायला फार पैसा लागत नाही. ती मागायला मात्र कोणीतरी असावे लागते.

असे करता येते याचे उदाहरण हैदराबादचे आहे. तिथल्या पाणीपुरवठा व मलनिःसारण मंडळाने २०१७ मध्ये अरुंद गल्ल्यांत शिरणारी ७० छोटी सफाईयंत्रे आणली आणि ती दलित उद्योजकांच्या मालकीची करून कामाचे करार त्यांच्याशी केले. दिल्लीनेही २०१९ मध्ये अशी २०० यंत्रे आणली. दिल्लीत त्यानंतरही गटारातले मृत्यू थांबले नाहीत, कारण खासगी इमारतींच्या टाक्या आणि उपकंत्राटदार या योजनेच्या बाहेर राहिले. तेव्हा यंत्र आणले की प्रश्न मिटला, असे मानू नये. पण यंत्राचा मालक कोण, हा प्रश्न ठरवता येतो, एवढे या दोन शहरांनी दाखवले.

महाडचा धडा

आपल्या चळवळीचा पहिला मोठा सत्याग्रह कशासाठी होता ते आठवा. तो एका नगरपालिकेच्या सार्वजनिक सोयीसाठी होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सांभाळलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. कागदावर सगळे झाले होते. तरीही तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी आपल्या माणसाच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा ठरावाचा पहिला खरा वापर झाला. त्यावर नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला आणि शेवटी १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या बाजूने लागला.

महाडला आपण दरवर्षी अभिवादन करतो. पण त्यातली नगरपालिका आपण विसरतो. सार्वजनिक पैशाने उभी राहिलेली सोय कागदावर सर्वांची असते. ती कोणाच्या दारापर्यंत जाते, हे मागणीने, पाठपुराव्याने आणि गरज पडली तर सत्याग्रहाने ठरते. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमसदस्य असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्यासारख्या जलप्रकल्पांच्या नियोजनात हात घातला. पाणी, वीज, वाहतूक हे आपले विषय नाहीत असे ते कधी म्हणाले नाहीत. आपण का म्हणावे?

निर्णय कोणी घेतले?

एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. मुंबई महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळपास चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. सात प्रकल्पांचे भूमिपूजन झाले आणि काम सुरू झाले ते याच काळात. स्थायी समिती नाही, प्रभाग समिती नाही, वस्तीतल्या बाईने ज्याला गल्लीत अडवून जाब विचारावा असा नगरसेवक नाही. प्रकल्प चांगला असला तरी तो लोकांच्या नजरेखालून गेलेला नाही. आता नगरसेवक आहेत. म्हणजे प्रश्न विचारायला जागा पुन्हा तयार झाली आहे.

कोणी म्हणेल, कंत्राटे दिली गेली, खांब उभे राहिले, आता बोलून काय होणार? बांधकामाचे निर्णय झाले असतील. चालवण्याची १५ वर्षे अजून पुढे आहेत. वस्त्यांना जोडणाऱ्या वाहिन्यांचे नियोजन दर वर्षीच्या अर्थसंकल्पात होते. शिवाय हा लेख वाचणारे सगळे मुंबईचे नाहीत. २०२१ पासून 'अमृत २.०' आणि 'स्वच्छ भारत अभियान २.०' यांच्या पैशातून महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांत मलजल केंद्रे आखली जात आहेत. एक लाखाखालच्या नगरपालिकांनाही यासाठी निधी आहे. तुमच्या शहरातले केंद्र कदाचित अजून कागदावर असेल. तीच बोलण्याची खरी वेळ.

काय विचारायचे?

आमच्या गटाने त्या रविवारी पाच प्रश्न काढले. ते कोणत्याही शहराला लागू पडतील.

एक, या केंद्राच्या क्षेत्रात किती वस्त्या आहेत, त्यातल्या किती मुख्य वाहिनीला जोडल्या आहेत आणि उरलेल्या कोणत्या वर्षी जोडणार? वस्तीचे नाव आणि वर्ष, दोन्ही हवे. 'टप्प्याटप्प्याने' हे उत्तर आम्हाला चालणार नाही.

दोन, ज्या सामुदायिक शौचालयांखाली मैलाटाक्या आहेत त्यांची यादी, बांधल्याचे वर्ष आणि शेवटची रचनात्मक तपासणी कधी झाली? स्वच्छ भारत अभियानाच्या निकषाप्रमाणे ३५ पुरुषांमागे आणि २५ स्त्रियांमागे एक शौचकूप आहे का?

तीन, जोडणी आणि दुरुस्तीच्या कामात माणूस आत उतरवण्याच्या लेखी परवानग्या किती दिल्या? प्रत्येकीची प्रत. परवानगी एकही नसेल आणि माणूस उतरला असेल, तर त्याचा जाब विचारायचा.

चार, कंत्राटदार आणि त्याच्या उपकंत्राटदारांकडे किती कामगार, कोणत्या पदावर, कोणत्या पगारावर? भविष्यनिर्वाह निधी आणि विमा आहे का? मुंबईतल्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. तीच लढाई आपल्या मुलांना पुन्हा लढायला लावू नये.

पाच, तांत्रिक पदांसाठी सफाई कामगारांच्या आणि वस्तीतल्या मुलांच्या प्रशिक्षणाची काय सोय आहे?

हे प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात बसतात. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. उत्तर आले नाही तर पहिले अपील. अर्ज एकट्याच्या नावाने टाकून विसरू नये. विहाराच्या, महिला मंडळाच्या बैठकीत वाचून टाकावा आणि आलेले उत्तरही तिथेच वाचावे. मग ते नगरसेवकासमोर ठेवावे. कामगार संघटनांशी बोलावे, कारण आतली माहिती त्यांच्याकडे असते. रुखी, मेघवाळ, वाल्मिकी वस्त्यांतल्या तरुणांना सोबत घ्यावे. हा प्रश्न एकट्या बौद्धांचा नाही आणि एकट्याने सुटणाराही नाही.

बैठक संपल्यावर पहिला प्रश्न विचारणारा तो मुलगा काकांजवळ गेला. आत उतरल्यावर काय काय पाहायचं, असे त्याने विचारले. काकांनी बोटांवर मोजून सांगितले : झाकण किती वेळ उघडे ठेवायचे, वायू कसा ओळखायचा, दोर कोणी धरायचा, वर उभा असलेला माणूस का हलता कामा नये. मुलाने सगळे वहीत उतरवून घेतले. तीस वर्षांच्या नोकरीत ही माहिती आपल्याला कोणी लिहून विचारली नव्हती, असे काका म्हणाले.

त्यातून आमच्या अर्जात सहावा प्रश्न आला : या केंद्रांच्या सुरक्षा नियमावली तयार करताना एकाही अनुभवी सफाई कामगाराचे मत घेतले होते का? अर्ज गेल्या सोमवारी दाखल झाला आहे. उत्तर आले की इथेच कळवू. तोवर तुमच्या शहरातून असा अर्ज गेला तर आम्हालाही कळवा.

जय भीम.